कमी वाऱ्यातली वावडी

घरात कुणी कुणाशी बोलत नव्हतं, आणि मग सासूबाईंची खवणी सुरू झाली. खर्र, खर्र, खर्र.

लवूनं चहाचा कप खाली ठेवला आणि माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. दोन दिवसांच्या अबोल्यानंतर नारळ खवला जातोय म्हणजे निदान जेवण तरी नीट मिळणार, असा त्याचा हिशेब.

"आये, कढी करतंस?"

"तुझ्यासाठी न्हय. पोटुशी बाय आसा घरात."

मी तेव्हा पाचव्या महिन्यात होते.

"दुपारी परीक्षा आसा माझी," तो म्हणाला. "येतलस बघूक?"

खवणी थांबली. "मी दर्यार येवचंय नाय. तुका म्हायत आसा."

खवणी परत सुरू झाली.

आमच्या घरापासून समुद्र हाकेच्या अंतरावर. मधे फक्त सुरूचं बन. पण सासरे गेले त्या दिवसापासून सासूबाईंनी ते बन ओलांडलं नव्हतं. लवू तेव्हा शाळकरी होता. सासरे मासेमारीला गेले ते जिवंत परत आले नाहीत, एवढंच मला लग्नाच्या वेळी सांगितलं होतं. मी घाटावरच्या आजऱ्याची. पाण्याच्या बाबतीत घाबरटच, आणि जास्त विचारणं बरं दिसत नाही म्हणून मीही विचारलं नव्हतं. सासूबाई बाजारातसुद्धा लांबच्या, डोंगराकडच्या रस्त्यानं जायच्या. गाज तेवढी ऐकायला यायची, तिला काही इलाज नव्हता.

आणि अशा बाईचा मुलगा समुद्रावर पतंग उडवायचा. किनाऱ्यावरच्या सेंटरमध्ये तो पर्यटकांना काइटसर्फिंग शिकवायचा. पायाखाली फळी, कमरेला जाड पट्टा, हातात आडवा दांडा, दांड्यातून निघालेल्या चार लांब दोऱ्या आणि त्यांच्या टोकाला खोलीएवढा पतंग. गावात पतंगाला वावडीच म्हणायचे. "तारीचो झील अजून वावडी उडयता," असं म्हणून हसायचे. तारी म्हणजे सासूबाई, झील म्हणजे मुलगा.

शिकवायचा, पण मदतनीस म्हणून. मास्तर व्हायला परीक्षा होती आणि परीक्षक गोव्याहून वर्षातून एकदाच यायचे. पास झाला की सेंटरमध्ये कायमची नोकरी. नाही झाला तर बोट. माल नेणाऱ्या बोटीवर खलाशी म्हणून त्याचं नाव लागलं होतं, कागदपत्रं तयार होती, पंधरवड्यात निघायचं होतं. सासूबाईंना बोटच हवी होती. "बोट म्हंजे लोखंडाचा घर," त्या म्हणायच्या. "थंय पायसुद्धा भिजत नाय." परवा लवूनं त्यांना सांगून टाकलं होतं की पास झालो तर बोटीवर जाणार नाही. अबोला त्याचाच.

मला काय हवं होतं ते मी कुणाला सांगितलं नव्हतं, पण लवूला ठाऊक होतं. "बाळ येईल तेव्हा मी दाराबाहेर उभा असेन," तो एकदा सहज म्हणाला होता. पास झाला तरच ते होणार होतं. नऊ-नऊ महिन्यांच्या खेपा असतात बोटीच्या.

दुपारी आम्ही दोघं बन ओलांडून गेलो. परीक्षक डेन्झिल सर वाळूत खुर्ची टाकून बसले होते, गळ्यात शिट्टी, नाकावर पांढरं मलम. बाकी सगळं आदल्या दिवशीच घेऊन झालं होतं. एकच राहिलं होतं.

मी वाऱ्याकडे बघून म्हटलं, "सर, वारा पडलाय."

"म्हणून तर बसलो मी इतका वेळ," ते म्हणाले. "वारा असला की पाण्यात पडलेली काइट उठता ती आपोआप. त्यात मास्तरचा काय मोठेपणा? वारा नसला की गिऱ्हाईक भितं. तेव्हा मास्तर काय करता, ते मला बघायचं."

नियम सोपे होते. खोल पाण्यात जाऊन पतंग पाडायचा आणि परत उठवायचा. कुणी मदतीला यायचं नाही. दांडा सोडायचा नाही. सोडला की परीक्षा संपली.

हे कसं करतात ते मला पाठ होतं. लवूनं घरी शिकवलं होतं, पलंगावर उताणं झोपून, हातात लाटणं देऊन. छताचा पंखा म्हणजे पतंग.

"पडला की तो तोंडावर पडतो," त्यानं सांगितलं होतं. "पुढची नळी हवेनं फुगलेली असते, म्हणून बुडत नाही. आता एका बाजूची दोरी घे. एकाच बाजूची. आणि बोटभरच."

मी लाटणं खेचलं.

"मेलीस. उलटला. इतकं नाही ओढायचं."

"मग उठणार कसा?"

"सरकत सरकत वाऱ्याच्या कडेला जातो. कडेला गेला की एक कान, म्हणजे टोक, वर येतो. त्या कानाला वारा लागला की पाणी निथळतं, मग उठतो. तोपर्यंत आपण काही करायचं नाही. उताणं पडायचं, दोरी ताणलेली राहील एवढंच पाणी मारायचं आणि गप्प राहायचं. हात हलले की त्याला कळतं."

"कुणाला?"

"पतंगाला."

"आणि कंटाळा आला तर?"

"तर बोटीवर जायचं," असं म्हणून तो लाटण्यासकट मला गुदगुल्या करायला लागला होता.

आता तो खरंच आत होता. लाटा फुटतात त्याच्या पलीकडे. त्यानं पतंग एकदा डोक्यावर नेला, सरांकडे बघून हात केला आणि पाडला. निळा पतंग पाण्यावर तोंडावर आपटला आणि पडून राहिला. लवू उताणा झाला. पाय पुढे, डोकं पाण्यावर, दांडा छातीवर. आणि त्यानं हलणं थांबवलं.

बाजूला बाबलकाका जाळं दुरुस्त करत बसले होते. सासऱ्यांचे चुलतभाऊ, रापणीचे, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याचे म्होरके.

"काय गो, तुझो घोव थंय निजलो हा," ते म्हणाले.

"परीक्षा आहे, काका."

"पाण्यात पडान रवूची? त्या परीक्षेत आमी सगळे पास आसंव." त्यांच्याबरोबरचे दोघं-तिघं हसले. "बोल त्येका, दोरी हडे दी म्हणान. आमी रापणीसारखी ओढतंव. वावडी, झील, सगळो एकदम किनाऱ्यार."

"हात लावायचा नाही, काका. कुणी मदत केली तर नापास."

"ह्या खयचा शिक्षण," ते म्हणाले. "पाण्यातल्या माणसाक मदत करूची नाय." पण बसून राहिले. सुई जाळ्यातून काढायची त्यांना शुद्ध राहिली नव्हती. तेही बघत होते.

मी पतंगाचा डावा कान बघत होते. पतंग सरकत होता, कळेल न कळेलसा. मधेच वारा अगदीच बसला, तेव्हा दोऱ्या सैल पडून पाण्याला टेकल्या. लवूनं एक हात पाठीमागे नेऊन हळूच पाणी मारलं आणि तो परत निपचित पडला. लाट आली की वर जायचा, गेली की खाली. आपल्या माणसाचं असं तरंगणं बघवत नाही. पण मला माहीत होतं तो काय करतोय. मनातल्या मनात मीच त्याला सांगत होते, बोटभर, बोटभरच.

सर खुर्चीतून उठले. "बघ, बघ," ते पुटपुटले. "आता येता."

कान वर आला होता. तळहाताएवढा. पाणी त्याच्यावरून घसरलं, तो परत टेकला, परत उचलला गेला. निळ्या कापडात थोडी हवा भरली, तसा पतंग एका कुशीवर व्हायला लागला.

तेव्हा माझ्या मागे काहीतरी पडलं. वाळूत आवाज कसला येणार, पण मी वळले. सुरूच्या बनाच्या कडेला सासूबाई उभ्या होत्या. त्यांच्या पायाशी कढीची बाटली पडली होती, झाकण उडालेलं, गुलाबी सोलकढी वाळूत जिरत होती. राग गिळून त्या मुलाला कढी द्यायला आल्या होत्या, इतक्या वर्षांनी बन ओलांडून. आणि त्यांना जे दिसलं ते हे. पाण्यावर उताणा, न हलणारा लवू. आणि सगळं गाव किनाऱ्यावर बसून बघतंय.

"आई, तो बरा आहे," मी म्हणाले. "परीक्षा चाललीय. मुद्दाम पडलाय तो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ओरडल्या नाहीत, धावल्या नाहीत. चालत सुटल्या. जत्रेत हात सुटलेलं पोर दिसावं आणि आई त्याच्या रोखानं निघावी, तशा. मी पदर धरला, तो माझ्या हातून निसटला. बाबलकाका उठले. "गो वहिनी, खय जातंस?" त्या पाण्यात गेल्या. गुडघे, मग कंबर. त्यांना पोहता येत नव्हतं. पुढची लाट त्यांच्या छातीवर फुटली, त्या तिरप्या झाल्या, परत उभ्या राहिल्या आणि पुढे चालू लागल्या.

मी ओरडले. काय ओरडले आठवत नाही.

लवूनं मान वळवली. त्या क्षणी पतंग पूर्ण कुशीवर होता, कान आभाळाकडे, धार लागून पाणी निथळत होतं. दोऱ्या ताणल्या गेल्या होत्या. आणखी एक झुळूक, आणि तो वर गेला असता. लवूनं पतंगाकडे बघितलं. मग आईकडे. आणि छातीवरची, पतंग सुटा करायची लाल कळ दाबून दांडा सोडून दिला.

पतंग कापडासारखा पाण्यावर आडवा पडला.

तो सपासप हात मारत आला. बाबलकाका आणि त्यांची माणसंही पाण्यात शिरली होती, पण लवू आधी पोचला. सासूबाईंच्या गळ्यापर्यंत पाणी होतं. त्यांनी त्याचं मनगट दोन्ही हातांनी धरलं, किनाऱ्याकडे वळल्या आणि त्याला ओढायला लागल्या.

तिथे त्याचे पाय जमिनीला लागत होते. मला स्पष्ट दिसत होतं. उभा राहिला असता तर त्यानंच त्यांना उचलून आणलं असतं. पण त्यानं अंग सैल सोडलं, मान टाकली आणि ओढला गेला. बाबलकाका दोन हातांवर होते, त्यांनीही ते पाहिलं. ते थांबले आणि मागच्यांनाही हातानं थांबवलं. त्या बाईनं एकटीनं आपल्या उंच्यापुऱ्या मुलाला पाण्यातून ओढून वाळूत आणलं, तोपर्यंत कुणी जवळ गेलं नाही, कुणी हसलं नाही.

"गावलो," त्या म्हणाल्या. दम लागला होता. त्याचं तोंड पुसत होत्या, ओल्या पदरानं, म्हणजे अजून भिजवतच होत्या. "गावलो माका. गावलो."

"गावलंय, आये," लवू म्हणाला. "मगाशीच बुडतलंय होतंय. तू इलंस म्हणान वाचलंय."

बाबलकाकांनी त्यांना धरून घरी नेलं. जाताना त्या मागे वळून वळून बघत होत्या.

डेन्झिल सरांनी पतंग ओढून आणला होता. लवू वाळूत बसून पट्टा सोडवत होता, गाठ सुटत नव्हती. सर त्याच्याजवळ उकिडवे बसले.

"काइट उठली होती," ते म्हणाले. "मी बघितलं. कागदावर तसं लिहिता येणार नाही, पण मी उद्या थांबतो. उद्या दुपारी परत घेऊ. फक्त आईला घरी ठेव."

माझ्या जिवात जीव आला. "थँक्यू, सर," मी म्हणाले.

"नको, सर," लवू म्हणाला.

"नको म्हणजे?"

"नको परीक्षा."

सरांनी माझ्याकडे पाहिलं, खांदे उडवले आणि शिट्टीशी चाळा करत दूर गेले. समजूतदार माणूस होता.

"लवू," मी म्हणाले, "उद्या त्यांना मी घरात बसवते. दाराला कडी लावते हवं तर."

"आणि परवा?"

"समजावून सांगू. हे असं असतं, असं पडून राहावं लागतं, म्हणून सांगू."

"तिला नाही समजायचं."

"का नाही समजायचं? मला समजलं ना? मला तर पाण्याचं काहीच कळत नव्हतं."

तो पट्ट्याची गाठ सोडवत राहिला.

"आणि माझं काय?" मी विचारलं. "बाळ येईल तेव्हा दाराबाहेर उभं राहणार होतास ना? नऊ-नऊ महिने बोटीवर राहिलास तर मी इथे कुणाच्या तोंडाकडे बघू?"

"बाबा कसे गेले, तुला माहीत नाही," तो म्हणाला.

मी त्याच्याजवळ वाळूत बसले.

"होडी लांब आत उलटली होती, आम्हाला ते माहीत नव्हतं. पण ते किनाऱ्यापर्यंत आले होते. इथेच. ती उभी होती बघत, मी शाळेतून येऊन तिच्याशेजारी उभा होतो. बाबांना सवय होती, परत येताना होडीतून उडी मारायचे आणि उताणं पडून तरंगत यायचे, मजेत. गाणी म्हणत. ती मला म्हणाली, बघ, तुझो बापूस कसो आरामात येता. आम्ही दोघं हसलो. ती हाक मारून म्हणालीसुद्धा, या आता, भात निवता." त्यानं पट्टा सोडून दिला. "ते लाटेबरोबर वाळूला लागेपर्यंत आम्ही तिथेच उभे होतो. ती एक पाऊल पुढे गेली नाही. डॉक्टर म्हणाला, थोडं आधी काढलं असतं तर कदाचित. त्यानं असं बोलायला नको होतं."

समुद्राची गाज येत होती. पलीकडे सर पतंगातली हवा काढत होते.

"मास्तर झालो तर मला रोज असं पडायला लागेल, रेवती. रोज. ती आता बन ओलांडून आलीय, परत घरात बसायची नाही. दर दुपारी ती मला काढायला पाण्यात येईल." मग म्हणाला, "आणि आज तिला मी गावलोय. ते तिच्याकडे राहू दे. मी मुद्दाम पडलो होतो, हे तू तिला कधी सांगू नकोस."

"त्या विचारतील, पास झालास का म्हणून."

"पास झालो, पण जागा नाही, असं सांगू."

घरी गेलो तेव्हा सासूबाई कोरडं लुगडं नेसून चुलीपुढे बसल्या होत्या. त्यांनी लवूचं डोकं लहान मुलासारखं पुसलं, स्वतःच्या हातानं भात कालवून भरवला. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. तरतरीत, जवळजवळ तरुण. एवढी वर्षं कोंडलेलं काहीतरी मोकळं झाल्यासारखा.

"आता वावडी नको," त्या म्हणाल्या. "बोटीर जा. लोखंडाची आसा."

"जातलंय, आये."

मी ताटं उचलायच्या निमित्तानं उठले. मोरीत जाऊन नळ सोडला आणि पुष्कळ वेळ सोडून ठेवला.

तो गेला. नीरू झाली तेव्हा त्यानं तिला फोनच्या पडद्यावर पाहिलं, तेही अडकत अडकत, कारण बोट भर समुद्रात होती. पहिल्या खेपेहून आला तेव्हा ती बसायला लागली होती आणि त्याला बघून रडली. दुसऱ्या खेपेला आला तेव्हा त्याच्या खांद्यावरून उतरायला तयार नव्हती. तिसऱ्या खेपेतून तो आला नाही. खराब हवामानात डेकवर काम करताना, एवढंच कंपनीच्या माणसानं सांगितलं. बोट वळवून शोधलं म्हणाला. मी फोन ठेवला तेव्हा सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी बाकी काही विचारलं नाही.

"गावलो?" एवढंच म्हणाल्या.

मी नाही म्हणून मान हलवली.

नंतर पुष्कळ दिवस मला वाटायचं, सगळं त्यांना सांगून टाकावं. पतंग कुशीवर झाला होता, आणखी एक झुळूक हवी होती, सर थांबायला तयार होते. त्या भाकरी थापत असायच्या आणि हे सगळं माझ्या जिभेवर यायचं. मग मला त्याची टाकलेली मान दिसायची, वाळूवर ओढले जाणारे त्याचे पाय दिसायचे. एवढं ओझं त्यानं मुद्दाम हलकं करून त्यांच्या हातात दिलं होतं. मी ते कशी काढून घेणार?

आता नीरू पाच वर्षांची आहे. ती दुपारची झोपते तेवढ्या वेळात मी हे लिहितेय, आणि लिहायचं कारण कालची गोष्ट.

काल सासूबाई पडवीत बसून तिच्या केसांना तेल लावत होत्या. मी आत डाळ निवडत होते. त्यांचा आवाज ऐकू येत होता. ही गोष्ट त्या तिला बऱ्याचदा सांगतात, दर वेळी त्यात पाणी थोडं वाढतं.

"मगे सगळे बघीत बसलेले. तो बाबल, तो गोयचो मास्तर, तुझी आवससुद्धा. मी एकटी गेलंय. हयपर्यंत पाणी. तुझ्या बापाशीचो हात धरलंय आणि भायर काढलंय. पाण्यातसून. एकटीनं."

"तुला भीती नाही वाटली?"

"भिया कसला? आपला माणूस पाण्यात आसताना भियाचा काय?"

नीरू त्यांच्या हातातून उठली. मग एक वेणी घातलेली, एक मोकळी, अशी आत आली आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवून उभी राहिली.

"आई, आजीनं बाबांना खरंच बाहेर काढलं होतं?"

"हो," मी म्हणाले.

"तू बघितलंस?"

"बघितलं."

पडवीत सासूबाई ऐकत होत्या. तेलाच्या वाटीवरचा त्यांचा हात थांबलेला मला दारातून दिसत होता. नीरू मान तिरकी करून विचार करत राहिली.

"मग बोटीवर जाताना बाबांनी आजीला बरोबर का नाही नेलं?"